पिशवीतला मासा आणि टाकीतले मालक

जोयडा तालुक्यातल्या गुंद गावात पाऊस पडला की त्याचं पाणी ओढ्या-नाल्यांतून काळी नदीकडे जातं आणि नदीबरोबर कारवारला, कोडीबागेपुढे, अरबी समुद्रात शिरतं. काळीचा उगम याच तालुक्यात डिग्गीजवळ, मुख याच जिल्ह्यात, सगळा प्रवास १८४ किलोमीटरचा. गुंदच्या गोड्या पाण्याला खारं व्हायला फार लांब जावं लागत नाही. पण उलट केलं तर? समुद्रालाच घाट चढवून गुंदच्या एखाद्या पडवीत काचेच्या टाकीत भरायचं ठरवलं, आणि त्यात प्रवाळांतले रंगीत मासे पाळायचे ठरवले तर?

हे जमतं. टँकरने कारवारहून पाणी आणावं लागत नाही. का लागत नाही, याचं उत्तर 'चॅलेंजर' नावाच्या ब्रिटिश जहाजाकडे आहे. १८७२ ते १८७६ या काळात या जहाजाने जगातले समुद्र पालथे घातले आणि ठिकठिकाणचं पाणी बाटल्यांत भरून आणलं. त्यातले ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले. १८८४ साली त्याने जे छापलं ते आजही वाचताना चकित व्हायला होतं: पाणी कुठल्याही महासागरातलं असो, कमी खारं असो की जास्त, त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळजवळ सारखंच. बंगालच्या उपसागरात मोठमोठ्या नद्या पाणी ओततात, तांबड्या समुद्राचं पाणी उन्हाने आटतं, तरी क्लोराइडमागे मॅग्नेशियम किती आणि सोडियममागे पोटॅशियम किती हे ठरलेलंच. बदलतं ते फक्त पाणी.

म्हणून समुद्र पाकिटात मिळतो. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला ७ किलो क्षार. स्वयंपाकघरातलं मीठ मात्र चालत नाही, कारण ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड; समुद्रात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट हेही हवं. पाणी आरओचं घ्यायचं, क्षार ढवळायचे, पंप रात्रभर फिरवायचा. अरबी समुद्राशी कधी भेट न झालेला समुद्र तयार.

टाकी भरून वर्ष उलटलंय असं धरू. दगडांवर जांभळट शेवाळाचा थर चढलाय, क्लाउनफिशची जोडी एका कोपऱ्यावर हक्क सांगून बसलीय, एक निळा डॅम्सेल मधल्या कपारीत राहतो, एक कोळंबी रात्री फिरते. सगळं बसलंय. आणि अशा वेळी हुबळी, बेळगाव किंवा गोव्याहून पॉलिथिनच्या फुगलेल्या पिशवीतून एक नवा मासा येतो. शौकीन माणसाच्या आयुष्यात याहून आनंदाचा दिवस नसतो आणि माशाच्या आयुष्यात बहुधा याहून वाईट. त्या दिवसात काय काय घडतं ते पाहिलं, तर टाकीतलं पाणी हा सगळ्यांत सोपा भाग होता हे कळतं.

आधी पिशवी. दुकानदार तिच्यात एक तृतीयांश पाणी घालतो, बाकी ऑक्सिजन भरून रबरबँड मारतो. मासा श्वास घेतो, कार्बन डायॉक्साइड सोडतो, आणि कल्ल्यांतून अमोनियाही सोडत राहतो. अमोनिया हे माशांच्या शरीरातलं नायट्रोजनचं टाकाऊ द्रव्य. आपल्या मूत्रपिंडांना जे काम करावं लागतं त्यातलं बरंचसं मासा कल्ल्यांवर उरकून घेतो. बंद पिशवीत हा अमोनिया साठत जातो. सात-आठ तासांनी मासा स्वतःच्याच विषात मरायला हवा. तरी तो मरत नाही.

कारण पिशवीत त्याच वेळी दुसरीही गोष्ट साठतेय. कार्बन डायॉक्साइडने पाणी आम्लाकडे झुकतं. समुद्राचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, तो पिशवीत घसरत ७ पर्यंत किंवा त्याखालीही येतो. अमोनियाची पाण्यात दोन रूपं असतात. एक कल्ल्यांतून सहज आत घुसणारं, विषारी. दुसरं विद्युतभार असलेलं अमोनियम, बरंचसं निरुपद्रवी. कुठलं रूप किती हे पीएच ठरवतो. समुद्राच्या नेहमीच्या पीएचला एकूण अमोनियातला पंधरावा ते विसावा भाग विषारी असतो. पीएच ७ ला दोनशेत एक एवढाच. म्हणजे माशाचा एक कचरा त्याच्या दुसऱ्या कचऱ्याचं विष उतरवत असतो, आणि या विचित्र तडजोडीवर तो बसच्या डिकीतून घाट ओलांडतो.

आता आपण प्रेमाने पिशवी उघडतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यावर होतं तेच होतं. कार्बन डायॉक्साइड हवेत निघून जातो, पीएच चढतो, आणि इतका वेळ गप्प बसलेलं अमोनियम पाहता पाहता विषारी रूपात बदलतं. काही जण तर दयेपोटी त्या उघड्या पिशवीत हवेची नळीही सोडतात. त्याने वायू आणखी भराभर जातो. लांबून आलेल्या माशाला उघड्या पिशवीत तासन्‌तास 'सवय करून देणं' हा प्रेमळ दिसणारा छळ आहे. ज्याचा प्रवास लांबचा, त्याची पिशवी बंदच ठेवून टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्यावी, तापमान जुळलं की उघडावी, आणि मासा जाळीने किंवा हाताने उचलून पटकन स्वच्छ पाण्यात न्यावा. पिशवीतलं पाणी मोरीत. टाकीत एक थेंबही नको.

पण मग थेंब-थेंब पाणी मिसळण्याची पद्धत, जिला शौकीन लोक 'ड्रिप' म्हणतात, ती आली कुठून? ती आली खारटपणाच्या हिशेबातून, आणि हा हिशेब माशाच्या शरीरातला सगळ्यांत आश्चर्यकारक हिशेब आहे.

समुद्रातल्या माशाचं रक्त समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश खारट. त्यामुळे चहूबाजूंनी पाणी असूनही मासा सतत वाळत असतो. त्याच्या अंगातलं पाणी कल्ल्यांतून बाहेर ओढलं जातं. लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तोच नियम. यावर माशाचा उपाय एकच: समुद्र पिणं. १९३० साली होमर स्मिथ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने पाण्यात फिनॉल रेड हा रंग घालून ईल माशांच्या आतड्यात किती रंग जमतो ते मोजलं आणि मासे खरोखरच समुद्र पितात हे दाखवून दिलं. पण प्यायलेल्या पाण्याबरोबर मीठही आत येतं, ते कुठे जातं? १९३२ साली अँसेल कीज आणि एडवर्ड विल्मर यांनी कल्ल्यांमध्ये अशा पेशी शोधल्या ज्या क्लोराइड उचलून परत समुद्रात फेकतात. (हे तेच कीज, जे पुढे आहारातल्या चरबीचा आणि हृदयविकाराचा संबंध सांगून जगभर गाजले. सुरुवात माशाच्या कल्ल्यांपासून.) मॅग्नेशियम आणि सल्फेटचं ओझं मूत्रपिंड वाहतं. मासा झोपलेला असो वा घाबरलेला, हे मीठ उपसण्याचं काम क्षणभर थांबत नाही, आणि त्याला शक्ती लागते.

दुकानात खारटपणा अनेकदा मुद्दाम कमी ठेवलेला असतो. क्षार कमी लागतात आणि काही परजीवी कमी खाऱ्या पाण्यात जोर धरत नाहीत. घरच्या टाकीत समुद्राएवढा खारटपणा. कमी खारटपणातून जास्तीत उडी मारली की माशाच्या कल्ल्यांतल्या त्या पेशींना अचानक जादा काम पडतं, आणि नव्या पेशी एका रात्रीत तयार होत नाहीत. म्हणून आधी दोन्हीकडचा खारटपणा मोजायचा. सारखा असेल तर तापमान जुळवून मासा सोडायचा. फरक बराच असेल तर वेगळ्या टाकीत दुकानाएवढाच खारटपणा ठेवून मासा त्यात आणायचा आणि काही दिवसांत तो हळूहळू वाढवायचा. हे पिशवीत तासाभरात उरकायचं काम नव्हे. जास्त खाऱ्यातून कमी खाऱ्यात जाणं माशाला तुलनेने सोपं जातं, उलटं अवघड.

आता पुन्हा काळीच्या मुखाकडे बघा. तिथे हीच कसरत दरवर्षी होते आणि कोणी थेंब मोजत बसत नाही. एप्रिल-मे महिन्यात कोडीबागेजवळ पाणी समुद्रासारखं खारं असतं. जुलैत पुराचं पाणी आलं की जवळजवळ गोडं. आणि त्या पाण्यात चोणक आरामात राहतो. महाराष्ट्रात रायगडकडे याला जिताडा म्हणतात, आणि ताटात आला की सगळीकडे सारखाच मान मिळतो. हा मासा गोड्या पाण्यात वाढू शकतो, अंडी घालायला खाऱ्याकडे जातो, आणि वाटेत कल्ल्यांमधल्या पेशींची दिशाच फिरवतो: गोड्या पाण्यात मीठ आत ओढायचं, खाऱ्यात बाहेर फेकायचं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या कारवार केंद्राने समुद्रातल्या पिंजऱ्यांमध्ये हा मासा वाढवून दाखवलाय. प्रवाळखडकांतल्या माशांना मात्र ही विद्या येत नाही. त्यांच्या मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटापाशी नदीच्या मुखासारखी उलथापालथ होत नाही. त्यांना ती कधी शिकायची गरजच पडली नाही.

पाणी जुळलं. आता टाकीतले न दिसणारे रहिवासी. जुनी टाकी जगते ती दगडांवर आणि वाळूत बसलेल्या सूक्ष्मजीवांच्या जिवावर. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट, आणि विषाची धार उतरते. ही दोन पायऱ्यांची साखळी रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास उलगडली आणि पुढची शंभर वर्षं सगळे समजत होते की हे काम फक्त जिवाणूंचं. मग २००५ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल अ‍ॅक्वेरियमच्या उष्ण कटिबंधीय खाऱ्या टाकीतल्या वाळूखड्यांमधून एक जीव वेगळा काढला गेला. तो जिवाणू नव्हताच. तो आर्किया या पूर्णपणे वेगळ्या सजीवकुळातला निघाला. त्याचं नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. नंतर लक्षात आलं की त्याचे भाईबंद साऱ्या महासागरांत पसरलेत आणि पृथ्वीवरच्या सर्वांत मुबलक जीवांमध्ये त्यांची गणना व्हायला हवी. इतका सर्वत्र असलेला जीव माणसाच्या हाती पहिल्यांदा लागला तो समुद्रात नव्हे, माशांच्या टाकीत! मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी जुनी वाटत नाही.

या सूक्ष्मजीवांची संख्या टाकीत रोज तयार होणाऱ्या अमोनियाएवढीच असते. जादा कामगार कोणी पोसत नाही. नवा मासा आला म्हणजे अमोनिया वाढला, आणि हे जीव सावकाश वाढणारे. म्हणून एका वेळी एक मासा, फार तर दोन छोटे, आणि पुढच्या माशाआधी काही आठवडे जाऊ द्यायचे. पाहुणा आला त्या दिवशी टाकीत खाणं जरा कमीच टाकावं. एक गोष्ट जोयड्याकडच्या वाचकांना सांगायला नको: जूनमध्ये वादळी पावसात वीज जाते, आणि जाते ती याच तालुक्यात वीज तयार करणाऱ्या धरणांच्या सावलीत. कोमट खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच थोडा मावतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात नसेल तर पावसाळ्यात नवा मासा आणूच नये.

आता रोग. इथे थोडं थांबू, कारण टाक्या उद्ध्वस्त होतात त्या इथेच.

क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी. शौकीन त्याला 'मरीन इच' म्हणतात. माशाच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. ठिपका म्हणजे त्वचेखाली बसून माशाच्या पेशी खाणारा, फिरणारा जीव. तीन ते सात दिवस तो खातो, मग मासा सोडून देतो. कधी? बहुतेक वेळा अंधारात. मासे तळाशी, दगडांजवळ झोपलेले असतात तेव्हा. तो वाळूवर किंवा दगडावर उतरतो, अंगाभोवती कवच करतो आणि आत विभागत जातो. एका कवचातून दोनशेच्या आसपास पोहणारी पिल्लं बाहेर पडू शकतात, आणि त्यांना फार तर एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो, नाही गाठला तर ती मरतात. झोपलेला मासा जिथे असतो तिथेच कवच, आणि बहुतेक पिल्लं बाहेर पडतात तीही अंधारातच. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी हे वेळापत्रक!

त्या वेळापत्रकात एक भयंकर ढिलाई मुद्दाम ठेवलेली आहे. सगळी कवचं एकाच वेळी फुटत नाहीत. काही तीन दिवसांत, काही महिन्याने, आणि काही सत्तर दिवसांपर्यंत थांबून. म्हणजे टाकीतले मासे मेले, महिनाभर टाकी रिकामी ठेवली, नवा मासा आणला, तर दगडावरचं शेवटचं कवच त्याची वाट बघत असू शकतं. जाणकार लोक टाकी अडीच महिने माशांविना ठेवायला सांगतात ते यासाठी.

नवा मासा रोग आणतो म्हणून त्याला वेगळ्या टाकीत ठेवायचं, हे अर्धं कारण झालं. दुसरं अर्धं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. टाकीतले जुने मासे हा रोग एकदा होऊन वाचलेले असतील, तर त्यांना काही महिने बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती असते. ते ठणठणीत दिसतात आणि परजीवी मात्र थोड्या संख्येने टाकीत टिकून असतो. प्रवासाने थकलेला, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढलेला, प्रतिकार खाली गेलेला नवा मासा त्यात पडला की आठवड्याभरात ठिपक्यांनी भरतो, आणि मालक म्हणतो दुकानदाराने आजारी मासा दिला. बिचारा दुकानदार.

वेगळी टाकी साधी असावी. काच, स्पंजचा फिल्टर, लपायला प्लंबरकडचे पीव्हीसीचे तुकडे, बस्स. दगड नको, वाळू नको, कारण औषध म्हणून तांबं वापरायची वेळ आली तर ते दगड-वाळूत मुरतं, आणि प्रवाळ व कोळंबीला तांबं मारक असतं. महिनाभर तरी मासा इथे राहू दे. औषध न वापरता या रोगावर मात करायची एक युक्ती इस्रायलमधल्या आंजेलो कोलोर्नी या संशोधकाने १९८७ साली मांडली आणि ती मला औषधापेक्षा सुंदर वाटते. मासा दर तीन दिवसांनी एका टाकीतून दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ केलेल्या टाकीत हलवायचा, असं चार वेळा. माशावरून उतरलेले परजीवी जुन्या टाकीच्या तळाशी राहतात. कवच फुटायच्या आत मासा निघून गेलेला असतो. शत्रूचं वेळापत्रक पाठ असेल तर हत्यार लागत नाही.

या महिन्यात आणखी एक काम होतं. मासा खायला लागतो. नव्या टाकीत तिथल्या मालकांशी, म्हणजे जुन्या माशांशी, सामना होण्याआधी त्याच्या पोटात काही असणं फार गरजेचं.

आणि आता मालक.

कोनराड लोरेंझ हे ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ, १९७३ च्या नोबेलचे मानकरी, प्रवाळांतले मासे इतके भडक रंगाचे का असतात या कोड्याने पछाडले होते. त्यांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरून बघितलं, घरी टाक्यांमध्ये मासे ठेवून बघितलं. दिसलं असं, की हे भडक मासे दुसऱ्या जातीच्या माशांना बरेचदा सोडून देतात, पण आपल्याच रंगाच्या माशावर तुटून पडतात. भडक रंग म्हणजे लांबूनच दिसणारी पाटी: ही जागा घेतलेली आहे, तुझ्यासारख्याने दुसरीकडे जावं. कारण सोपं होतं. आपल्या जातीचाच मासा तोच चारा खाणार, तीच कपार मागणार. १९६३ साली आलेल्या आक्रमकतेवरच्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाची सुरुवात याच माशांपासून होते. समुद्रात हरलेला मासा पळून जातो. टाकीत त्याला पळायला जागा नसते. काचेच्या चार भिंतींत हरलेला मासा तासाभरात मरू शकतो.

मासे एकमेकांना नुसत्या रंगाने ओळखतात असंही नाही. २०१० साली उल्रिके सीबेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अँबोन डॅम्सेल हा पिवळा मासा आपल्या जातीचा कोण आणि परका कोण हे चेहऱ्यावरच्या अतिनील रेषांवरून ओळखतो. माणसाला ते चेहरे कोरे पिवळे दिसतात. आणि क्लाउनफिश? ओकिनावाच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अंड्यातून वाढवलेले, दुसरी जात कधी न पाहिलेले क्लाउनफिश वापरले. या जातीच्या अंगावर तीन पांढरे पट्टे असतात. तीन पट्ट्यांच्या माशावर त्यांनी सर्वांत जास्त हल्ले केले, कमी पट्टे असलेल्यांना कमी त्रास दिला. म्हणजे समोरच्याच्या अंगावरचे पट्टे ते मोजत असावेत. टाकीपुढे उभं राहून 'बघ, निमो!' म्हणणाऱ्या पोराला हे सांगून बघा.

क्लाउनफिशची आतली व्यवस्था तर याहून कडक. क्लाउनफिश ज्यात राहतात त्या समुद्रफुलात (सी अ‍ॅनिमोन) एक मोठी मादी, तिच्याखाली एक नर, आणि त्याखाली आकाराने उतरत्या क्रमाने काही लहान मासे, जे प्रजोत्पादन करत नाहीत. मादी मेली की नर मादी होतो, आणि रांगेतला पुढचा नर. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीमध्ये या रांगा मोजल्या आणि २००३ साली मांडलं की खालचा मासा आपली वाढ स्वतःच आवरून धरतो. वरच्याच्या फार जवळ आकार गेला तर त्याला हाकललं जाईल, आणि समुद्रफुलाबाहेर हाकललेला क्लाउनफिश फार वेळ जगत नाही. अंगात भूक असताना, समोर अन्न असताना, न वाढण्याचा निर्णय शरीर घेतं. म्हणून घरी क्लाउनफिशची जोडी करायची तर नवा मासा जुन्यापेक्षा स्पष्ट लहान हवा. दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एका टाकीत टाकल्या तर त्यातली एकच शिल्लक राहते.

टाकीत मात्र हक्क आकाराने कमी आणि आधी येण्याने जास्त ठरतो. लोकलच्या डब्यात दादरला चढलेला माणूस ठाण्याला चढणाऱ्याकडे ज्या नजरेने बघतो, तीच नजर कालपरवा आलेल्या डॅम्सेलची असते. म्हणून शांत मासे आधी आणि तापट मासे शेवटी. सर्जनफिश, ज्यांना दुकानात टँग म्हणतात, त्यांच्या शेपटीच्या मुळाशी खरोखरच सुरीसारखं पातं असतं. त्यांना सगळ्यांच्या शेवटी, आणि एकाच बांध्याचे दोन तर नकोच.

हे सगळं कळलं की शौकिनांच्या युक्त्या मजेशीर वाटत नाहीत, हुशार वाटतात. नवा मासा सोडण्याआधी दगडांची जागा बदलतात. जुन्या मालकाची कपारच नाहीशी होते आणि सगळेच एकदम बेघर होतात, भांडायला हक्काची जागा उरत नाही. दिवे मालवतात. जुन्यांना भरपूर खाऊ घालतात. भोकं पाडलेली पारदर्शक पेटी टाकीत टांगून नव्याला दोन-चार दिवस त्यात ठेवतात, म्हणजे दर्शन होतं पण दात लागत नाहीत. शेजाऱ्याचा चेहरा ओळखीचा झाला की राग बराच निवतो. आणि सगळ्यांत गमतीची युक्ती: काचेला बाहेरून आरसा लावायचा. टँग आपल्या प्रतिबिंबावर दिवसभर तुटून पडतो, कारण त्याच्यासारखा दुसरा कोणीच टाकीत नाही. तेवढ्या वेळात नवा मासा कोपरा शोधून खायला लागतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांत नवा मासा दिसला नाही तर दगड हलवून शोधू नका. तो आहे. श्वास कल्ल्यांत भराभर चालत असेल, पंख मिटलेले असतील, शेपटी कुरतडलेली असेल तर मात्र थांबू नका. जाळी घ्या आणि परत वेगळ्या टाकीत न्या. मासा बाहेर काढण्यात काही कमीपणा नाही.

अनेक मराठी माणसांनी समुद्री मासे काचेमागे पहिल्यांदा पाहिले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. चर्नी रोडला समुद्राच्या काठावर १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याचं उद्घाटन केलं होतं. तिथे समुद्र रस्त्यापलीकडे होता. आज समुद्र न पाहिलेल्या गावातही खारी टाकी ठेवता येते आणि मासे ऑनलाइन मागवता येतात, ही सोय आहे; पण त्यामुळे कुठला मासा कुठून आला हे विचारायची सवय मोडलीय. प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, ते विकायला दिसले तर घेऊ नयेत. क्लाउनफिश हवाच असेल तर पैदास करून वाढवलेला मागा. केरळातल्या विळिंजम आणि तमिळनाडूतल्या मंडपम इथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करून दाखवलेली आहे. पैदाशीचा मासा पाकिटातलं खाणं ओळखतो, काचेला बुजत नाही, आणि त्याच्यासाठी कुठलंही समुद्रफूल ओकंबोकं झालेलं नसतं.

शेवटी एक विनंती, आणि ही फार मनापासून. मासा नको झाला, मोठा झाला, इतरांना मारायला लागला, तर तो कोडीबागेच्या पुलावरून समुद्रात सोडू नका. गोड्या पाण्यातला असेल तर काळीतही नाही. आपल्या हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ पहिल्यांदा दिसला, बहुधा कोणाच्या तरी टाकीतून सोडलेला. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरलाय, तिथल्या छोट्या माशांना त्याची ओळखच नाही, आणि त्याला तिथून काढणं कोणालाही जमलेलं नाही. तुमचा मासा दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या शौकिनाला द्या. दोघांनी नाही म्हटलं तर जाहिरात द्या, पण नदीत नको.